हेमिंग्वेच्या पहिल्या बायकोची गोष्ट

पॉला मॅकलेनची ‘द पॅरिस वाइफ’ (2011) वाचली नसेल तर जरूर मिळवा. ही कादंबरी हॅडली रिचर्डसन, म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वेची पहिली बायको, स्वतः सांगते आहे.

1921 साली लग्न झालं तेव्हा ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. पॅरिसमधल्या त्यांच्या संसाराला मोठा आधार होता तो तिला वारशाने मिळालेल्या पैशांच्या व्याजाचा.

डिसेंबर 1922. हॅडली लोझानला नवऱ्याकडे निघालेली. बॅगेत त्याची जवळजवळ सगळी हस्तलिखितं, कार्बन प्रतींसकट. गार द लियों स्थानकात ती बॅग चोरीला गेली. हॅडलीचं नाव निघालं की हाच प्रसंग आठवला जातो. मॅकलेन मात्र त्या बाईच्या मनात शिरते, आणि मला पुस्तक आवडलं ते त्यासाठीच.

हेमिंग्वेची कादंबरी ‘द सन ऑल्सो रायझेस’ (1926) ज्या पाम्प्लोनाच्या सहलीवरून सुचली, त्या सहलीला हॅडली होती. कादंबरीत मात्र तिच्यावर बेतलेलं पात्रच नाही! हे मला फार लागतं. अर्पणपत्रिकेत ती आणि मुलगा आहेत. 1927 मध्ये घटस्फोट झाला आणि त्या पुस्तकाचं मानधन हेमिंग्वेने तिच्या नावे करून दिलं.