चामडे संपले, तेव्हा कॅनव्हास आला

पिस्तूल कमरपट्ट्याला अडकवण्यासाठी जी खोळ असते तिला होल्स्टर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील अशा जुन्या खोळी जमवण्याचा छंद जगात अनेकांना आहे. त्यांतले काही संग्राहक मात्र चांगल्या चामड्याच्या खोळी सोडून कापडाच्या, रबराच्या, इतकेच काय, कागदाच्या लगद्यापासून बनवलेल्या खोळी शोधत फिरतात. या खोळी म्हणजे बदली मालाची कहाणी आहे.

सैन्याला चामडे किती लागते याची कल्पना करा. बूट, पट्टे, काडतुसांच्या पिशव्या, घोड्यांचे खोगीर, सगळे चामड्याचेच! युद्ध लांबले तसा चामड्याचा तुटवडा पडला. जर्मनीने कागदाचा लगदा दाबून ‘प्रेसश्टोफ’ नावाचा कडक माल तयार केला आणि पट्टे, खोळी त्याच्या केल्या. जपानने कॅनव्हासवर रबराचा थर चढवला. १९४२ साली मलाया जपानच्या ताब्यात आला होता आणि तिथे रबराचे मोठमोठे मळे होते.

जपानी सैन्याचे ‘नाम्बू टाइप १४’ हे पिस्तूल १९२५ सालचे. त्याची मूळ खोळ जाड चामड्याची, शिंपल्यासारख्या गोल झाकणाची, आत काडतुसांसाठी कप्पा असलेली. युद्धाच्या शेवटी तीच खोळ रबरी कॅनव्हासची झाली. पिस्तुलाच्या लाकडी मुठीवरच्या खाचाही गेल्या. मूठ सपाट राहिली. पिस्तुलावर जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष व महिना कोरलेला असतो. ‘१९.८’ असेल तर १९ मध्ये १९२५ मिळवा. म्हणजे ऑगस्ट १९४४.

आता प्रश्न असा, की जपानमध्ये हे चामडे कमावत कोण होते?

मेलेले जनावर ओढणे, कातडे सोलणे, कमावणे ही कामे तिथे पिढ्यान्‌पिढ्या एका समाजावर लादलेली होती. त्यांना ‘एता’ म्हणत. शब्दाचा अर्थच ‘अतिशय विटाळलेले’. वस्ती गावाबाहेर, रोटी-बेटी व्यवहार बंद. आपल्या वाचकांना याहून अधिक समजावून सांगायला नको. १८७१ साली सरकारी फर्मानाने हा भेद कायद्यातून गेला, मनातून गेला नाही. त्याच सुमारास या समाजाचे टोकियोतील प्रमुख दान नाओकी यांनी अमेरिकन कारागीर बोलावून बूट बनवण्याचे शिक्षण सुरू केले. सैन्याला बूट हवे होते. विटाळ मानणाऱ्यांना त्या हातांचे बूट पायात घालायला मात्र विटाळ वाटला नाही!

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना स्थापन केली. पुढे चीनशी युद्ध पेटले आणि १९३८ साली सरकारने चामड्याच्या वापरावर निर्बंध घातले. चामडे सैन्यासाठी राखले गेले, आणि लहान कारागिरांच्या हातचे काम गेले. ज्या धंद्यापायी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, तोच धंदा गरजेच्या वेळी हिरावला गेला. या समाजाचे नेते मात्सुमोतो जिइचिरो १९४७ साली जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. हिमेजी शहराच्या परिसरात चामडे कमावण्याचा धंदा आजही चालतो.

अशा जुन्या वस्तू जपणे सोपे नाही. रबर वाळते, कडक होते, घडी घातली की तडकते. म्हणून संग्राहक खोळीत मऊ कागद भरून तिचा आकार राखतात, ऊन आणि दमट हवा टाळतात. नकली मालही बाजारात असतो, म्हणून ते टाके, शिक्के, बकल बारकाईने पाहतात.

त्या खोळीवर शस्त्रागाराचा शिक्का सापडेल. शिवणाऱ्याचे नाव सापडणार नाही. आपल्या घरांतही आजोबांची आरी, रापी, गिरणीतला बिल्ला, पलटणीतला पट्टा पडून असेल. तो भंगारात देण्याआधी एका चिठ्ठीवर लिहा: ही वस्तू कोणाची, कोणत्या साली, कोणत्या कामाची. मुलांकडूनच लिहून घ्या. सरकारी शिक्का कोणीतरी जपून ठेवील. राबणाऱ्या हाताचे नाव मात्र घरच्यांनीच जपायचे असते.