पायी फिरणारा पाहुणा आणि आपला धंदा

पर्यटन म्हटले की मोटारी, मोठी हॉटेले आणि समुद्रकिनारे डोळ्यांसमोर येतात. खेड्यातील छोट्या दुकानदाराला किंवा कारागिराला त्यात आपला काही संबंध आहे असे वाटत नाही. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मोटारीतून जाणारा पाहुणा गावावरून धूळ उडवत निघून जातो आणि त्याचा पैसा शहरातील हॉटेलवाल्याकडे राहतो. परंतु पर्यटनाचा एक प्रकार असा आहे की ज्यात पाहुणा गावातून पायी जातो. तो सावकाश चालतो, थांबतो, चहा पितो, जेवतो, मुक्काम करतो. अशा पाहुण्याचा पैसा वाटेवरच्या गावांत राहतो. भंडारा जिल्ह्यात, विशेषतः साकोली तालुक्यातील सानगडीच्या परिसरात, आपल्या समाजातील व्यापारी व कारागिरांना हा धंदा कसा करता येईल याचा येथे विचार करू.

इटलीत काय चालते?

या प्रकाराचा चांगला नमुना इटलीच्या व्हेनेतो प्रांतात पाहायला मिळतो. पादुआ आणि व्हेनिस या शहरांच्या मध्ये ब्रेंता नदीचा कालवा आहे. त्याच्या काठाने व्हेनिसच्या श्रीमंत घराण्यांनी सोळाव्या ते अठराव्या शतकात मोठमोठे वाडे बांधले. आंद्रेआ पाल्लादिओ या वास्तुरचनाकाराने बांधलेले या प्रांतातील वाडे १९९६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले. जवळच द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आहेत. त्यांपैकी कोनेल्यानो व वाल्दोब्याद्देने येथील टेकड्यांना २०१९ मध्ये तोच मान मिळाला.

तेथे पाहुणे पाच-दहाच्या टोळीने येतात आणि दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालतात. चढ-उतार फारसा नसतो, त्यामुळे साठी ओलांडलेली माणसेही चालू शकतात. पाठीवर फक्त पाण्याची बाटली असते. सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी पोहोचते. मुक्काम शेतकऱ्याच्या घरी, जेवण त्याच्याच स्वयंपाकघरातले. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत यासाठी इटलीने १९८५ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. या सर्व व्यवहारात गाडीवाला, खानावळवाला, वाटाड्या, अंथरूण-पांघरूण पुरवणारा आणि वस्तू विकणारा कारागीर, अशा प्रत्येकाला थोडे थोडे मिळते.

द्राक्षमळे आणि दारू

येथे कोणी म्हणेल की द्राक्षमळ्यांची सहल म्हणजे शेवटी दारूचाच बाजार. आक्षेप योग्य आहे. आपल्याकडे नाशिकला द्राक्षमळ्यांचे पर्यटन वाढले ते वाइनच्या कारखान्यांमुळेच. दारूच्या बाबतीत इस्लामची आज्ञा स्पष्ट आहे. हदीसप्रमाणे पिणाराच नव्हे, तर विकणारा आणि वाहून नेणाराही दोषी ठरतो. म्हणून सामान वाहणाऱ्या गाडीवाल्यानेही हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पण द्राक्षाचा धंदा म्हणजे दारूचाच धंदा असेही नाही. सांगली-तासगावचा बेदाणा देशभर खपतो आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. दुसरी गोष्ट अशी की पायी फिरणाऱ्याला द्राक्षमळाच हवा असतो असे नाही. त्याला नदी हवी, हिरवे शेत हवे, जुनी वास्तू हवी आणि गावची चव हवी. या चारही गोष्टी आपल्या भागात आहेत.

सानगडीच्या आसपास

सानगडी हे साकोलीच्या दक्षिणेचे गाव. गावाजवळ लहानशा टेकडीवर सहानगड किल्ल्याचे अवशेष आहेत. साकोली हे मुंबई-कोलकाता महामार्गावर असल्याने नागपूरहून येणे सोपे आहे. रेल्वेने यायचे तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे सौंदड स्टेशन साकोलीला सोयीचे आहे. साकोली-लाखांदूरच्या पट्ट्यातून चुलबंद नदी वाहत जाऊन वैनगंगेला मिळते.

या भागाचे खरे धन म्हणजे तलाव. कोहळी समाजातील जाणकारांनी गोंड राजांच्या काळापासून येथे शेकडो तलाव व बोड्या बांधल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले; तरी लोक त्यांना आजही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असेच म्हणतात. तलावाची पाळ ही चालण्यासाठी आयती वाट आहे. एका बाजूला पाणी आणि त्यावर हिवाळ्यात उतरणारे परदेशी पक्षी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. साकोली तालुक्यातच शिवनीबांधचा मोठा तलाव आहे. पुढे गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध आहे. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधल्याचे सांगतात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते आणि तेथेच ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. दोन्ही धर्मांची माणसे तेथे जातात. भंडाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला तुमसर तालुक्यात आंबागड आहे. नागपूर वसविणारा देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो किल्ला १७०० च्या सुमारास बांधला. वैनगंगेकाठच्या पवनीला जुन्या शहराचा तट आहे, आणि १९६९-७० च्या उत्खननात तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. इटलीतील वाड्यांइतकी डागडुजी या वास्तूंची झालेली नाही, परंतु पाहण्यासारखे व सांगण्यासारखे येथे कमी नाही.

कोणाला कोणते काम?

दिवाळीनंतर आपल्या गावोगावी मंडई भरते. बांगडीवाले, खेळणीवाले, मिठाईवाले या गावाहून त्या गावाला जातात. पण मंडई एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी पाल उचलावेच लागते. पायी पाहुण्यांचा धंदा हा मंडईला जोड म्हणून पाहावा, कारण दोन्हींचा हंगाम एकच आहे.

गादी-रजई भरणाऱ्या मन्सूरी बांधवांना यात पहिले काम आहे. मुक्कामाच्या घराला स्वच्छ गाद्या, उशा व रजया लागतात. भंडाऱ्याच्या थंडीत चांगल्या रजईची किंमत पाहुण्याला आपोआप कळते. शिंप्याने कापडी पिशव्या, उन्हाच्या टोप्या, खांद्याला लावायच्या झोळ्या शिवाव्यात. गॅरेजवाल्याकडे जीप असते, सामान पोहोचविण्याचे काम त्याचे. खानावळवाल्याने परातभर पदार्थ मांडण्यापेक्षा भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचा भात, तलावातील मासे आणि हंगामात उकडलेले शिंगाडे द्यावेत. मासे व शिंगाडे ढिवर बांधवांकडून घ्यावेत, म्हणजे त्यांनाही रोजी मिळेल.

व्यापाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पायी फिरणारा जड वस्तू घेत नाही. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत, परंतु तो हंडा विकत घेणार नाही. लहान वाटी, अडकित्ता किंवा दिवा घेईल. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांचे कोसाचे कापड नावाजलेले आहे. करवतकाठी साडी महाग वाटली तरी त्याच कापडाचा रुमाल किंवा गळपट्टा तो घेतो. म्हणून वस्तू हलकी, लहान आणि टिकाऊ असावी. ती कोणी व कशी केली हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. किंमत एकच ठेवावी आणि लिहून ठेवावी. आज जो कारागीर नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने माल देतो, त्याला येथे थेट गिऱ्हाईक मिळते. या धंद्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणासाठी आठ पाहुण्यांची एक टोळी दोन दिवस व दोन रात्रींसाठी आली असे धरू. प्रत्येकी ३,५०० रुपये घेतले तर जमा २८,००० रुपये होते. मुक्कामाचे माणशी रात्रीला ४०० प्रमाणे ६,४०० रुपये. चहा-नाश्ता व दोन वेळचे जेवण माणशी दिवसाला ५०० प्रमाणे ८,००० रुपये. जीपचे ४,००० रुपये. दोन वाटाड्यांना रोज ८०० प्रमाणे ३,२०० रुपये. एकूण खर्च २१,६०० रुपये. शिल्लक ६,४०० रुपयांतून जाहिरात, औषधपेटी, रद्द झालेल्या सहलींचे नुकसान आणि संयोजकाची मेहनत निघाली पाहिजे. म्हणजे यात एकट्याला मोठी कमाई नाही. मात्र खर्चाचा प्रत्येक रुपया गावातीलच कोणाची तरी मिळकत आहे. दर प्रत्येकाने आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत, पण हिशेब आधी कागदावर मांडावा.

भांडवल आणि भागीदारी

यासाठी व्याजाने कर्ज काढण्याची गरज नाही. नवीन खोल्या बांधू नयेत. ज्याच्या घरी रिकामी खोली व स्वच्छ संडास-न्हाणीघर आहे त्याच्यापासून सुरुवात करावी. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत या तत्त्वावर, म्हणजे मुदारबा पद्धतीने, भागीदारी करता येते. नफ्याचा वाटा आधी ठरवावा, नुकसान झाले तर भांडवल देणाऱ्याने ते सोसावे आणि सर्व अटी लेखी कराव्यात. हजरत खदीजा (रजि.) यांच्या मालाचा व्यापार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अशाच विश्वासावर केला होता. शेतकरी भागीदार असेल तर महाराष्ट्र शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, तिची चौकशी अवश्य करावी.

काही सावधगिरी

हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचाच धरावा. पावसाळ्यात बांध्यांत चिखल असतो आणि उन्हाळा चालण्याजोगा नसतो. वाट शेतशिवारातून आणि पाळीवरून न्यावी, जंगलातून नव्हे. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे वन खात्याच्या नियमांशिवाय पाऊल टाकता येत नाही. शिवाय वन्य प्राणी हद्द पाहून फिरत नाहीत. म्हणून सकाळी उजाडल्यावर निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. धुऱ्यावरून जाताना शेतमालकाची परवानगी घ्यावी. उभ्या पिकाचे नुकसान झाले तर धंद्याबरोबर गावातील संबंधही बिघडतील.

मुक्कामाच्या घरी दारू चालणार नाही, हे पैसे घेण्यापूर्वीच सांगावे. पाहुण्यांची खोली व वाट वेगळी ठेवली तर घरातील पडदाही राखला जातो. हा नियम ऐकून काही पाहुणे येणार नाहीत. पण लहान मुलांना घेऊन येणारी कुटुंबे असेच ठिकाण शोधत असतात आणि ती पुन्हा येतात.

कुरआनने माणसाला पृथ्वीवर फिरून पाहण्यास आणि त्यातून बोध घेण्यास सांगितले आहे. जो फिरतो त्याची सेवा करून हलाल रोजी मिळविणे हेही चांगलेच काम आहे. सानगडी-साकोलीच्या चार-पाच व्यावसायिकांनी एकत्र बसून या हिवाळ्यात एकच वाट निवडावी, ती स्वतः दोनदा चालून पाहावी, वाटेतील चहा, पाणी, सावली आणि मुक्काम यांची नोंद करावी आणि नागपूरच्या ओळखीच्या एका कुटुंबाला बोलवावे. पहिली टोळी समाधानाने परत गेली तर दुसरी तिच्या सांगण्यावरून येईल. प्रामाणिकपणा राखला तर अल्लाह त्यात बरकत देईल.