मनी का चावली?

सहावीतली एक मुलगी सोमवारी हाताला फडकं बांधून शाळेत आली. विचारल्यावर म्हणाली, "बाई, मनी चावली. मी तिला काही त्रास देत नव्हते. आजी बाळाला करते ना, तशी मालिश करत होते. ती घुर्र घुर्र पण करत होती. आणि एकदम चावली!"

आधी जखमेची चौकशी केली. रेबीज कुत्र्याप्रमाणेच मांजराच्या चाव्यातूनही होऊ शकतो. दात किंवा नख लागलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट असलं काही जखमेत भरायचं नाही. मुलीच्या आईने हे सगळं केलं होतं. त्यामुळे तिचा प्रश्न वर्गात निवांतपणे घेता आला. मजेत असलेली मनी चावली कशी?

सावकाश स्पर्शाचे तंतू

कातडीला झालेला स्पर्श चेतातंतूंमार्फत मेंदूकडे जातो. हे तंतू सगळे सारखे नसतात. जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला ३० ते ७० मीटर वेगाने धावतो. काय लागलं, कुठे लागलं, हे आपल्याला त्यांच्यामुळे झटकन कळतं. अगदी बारीक तंतूंमध्ये मात्र हा वेग सेकंदाला साधारण एक मीटर एवढाच असतो. हे बारीक तंतू वेदना आणि उष्णता-थंडी यांच्यासाठीच असतात, अशी समजूत होती. १९३९ साली स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ इंग्वे झॉटरमन यांनी दाखवलं, की यांतले काही तंतू हलक्या स्पर्शालाही प्रतिसाद देतात. गंमत म्हणजे त्यांनी हे पाहिलं ते मांजराच्या पायातल्या तंतूंमध्ये!

पुढे असे तंतू माणसाच्या केसाळ कातडीतही सापडले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांच्या हातावरून मऊ ब्रश वेगवेगळ्या वेगाने फिरवला गेला. वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर असताना हे तंतू सर्वांत जास्त संदेश पाठवत होते, आणि लोकांनाही तोच स्पर्श सर्वांत सुखद वाटत होता.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. मुलांच्या जोड्या करा. एकाने डोळे मिटून हात पुढे करायचा. दुसऱ्याने मऊ पीस किंवा रंगकामाचा ब्रश कोपरापासून मनगटापर्यंत फिरवायचा, एकदा एका सेकंदात, एकदा मनात सात अंक मोजत. मग तोच ब्रश तळहातावर फिरवायचा. कोणता स्पर्श बरा वाटला, ते प्रत्येकाने लिहायचं.

मांजराच्या बाबतीतही घाई नको, एवढं यावरून लक्षात येतं. मानेपासून कमरेपर्यंत हात नेताना आठ-दहा सेकंद लागले पाहिजेत. भराभर चोळणं किंवा थोपटणं हा वेगळाच स्पर्श आहे.

कुठे हात लावायचा?

ओळखीची दोन मांजरं एकमेकांना चाटतात तेव्हा मुख्यतः डोकं आणि मान चाटतात, तेही थोडा वेळच. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, डोळा आणि कान यांच्यामधल्या विरळ केसांच्या जागी गंधग्रंथी असतात. आपल्या पायाला, दाराच्या चौकटीला मनी गाल घासते, तेव्हा ती आपला गंध तिथे ठेवत असते. म्हणून मालिश सुरू करायची ती याच जागांपासून.

शेपटीच्या बुडाशीही अशा ग्रंथी असतात. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात शेपटीच्या बुडाशी हात लावल्यावर मांजरांनी सर्वांत जास्त नाराजी दाखवली. पोटाचं तर विचारूच नका. मांजर उताणं पडलं म्हणजे 'पोट चोळ' असं त्याचं म्हणणं नसतं. पोटात नाजूक अवयव आहेत, आणि तिथे हात आला की चारही पंजे आपसूक वर येतात. पंजे आणि मिशाही टाळाव्यात.

मनी काय सांगत होती?

घुरघुर म्हणजे समाधान, असं आपण धरून चालतो. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण मांजरं घाबरलेली असताना, आजारी असताना आणि विताना सुद्धा घुरघुरतात. म्हणून नुसत्या घुरघुरीवर विसंबायचं नाही, सगळं शरीर बघायचं. शेपटीचं टोक फटफट आपटू लागलं, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरारली, मान झटकन हाताकडे वळली, तर हात थांबवायचा. ही आधीची सूचना कोणी ऐकली नाही, की मग दात येतात. आमच्या विद्यार्थिनीला विचारलं, "शेपटी काय करत होती?" ती जरा विचार करून म्हणाली, "हलत होती. मला वाटलं, कुत्र्यासारखी खूश आहे."

तेव्हा रीत अशी. मनीला उचलून आणू नका, तिला येऊ द्या. बोट पुढे करा. तिने गाल घासला तर बोटांच्या टोकांनी गाल, हनुवटी, कानांचं मूळ इथे लहान गोल काढा. मग मान आणि खांदे. दाब किती? चिकू पिकला का, हे बघताना देतो तेवढाच. पाठीच्या कण्यावर दाबू नका, दोन्ही बाजूंनी केसांच्या दिशेने हात न्या. चार-पाच वेळा हात फिरवला की थांबा. तिने डोकं पुढे केलं तर पुन्हा सुरू करा. ती तशीच बसली किंवा उठली तर मालिश संपली.

हे थांबणं महत्त्वाचं आहे. लंडनमधल्या एका निवाऱ्यातल्या १०० मांजरांबरोबर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मांजराला निवड करू द्या, त्याच्या हालचाली बघा, डोक्याच्या आसपासच हात लावा, एवढं लोकांना थोडक्यात शिकवल्यावर मांजरांचं रागावणं कमी झालं आणि जवळीक वाढली.

तेल मात्र नको

आपल्याकडे मालिश म्हटली की तेल आलंच. मनीला मात्र कोरडाच हात हवा. अंगाला लागलेलं सगळं ती चाटून पोटात घेते. खोबरेल विषारी नाही, पण नीलगिरीचं तेल, कापूर आणि वेदनाशामक मलम यांचं तसं नाही. अशा अनेक पदार्थांचा निचरा करणारं एक विकर माणसाच्या यकृतात असतं. मांजराच्या शरीरात त्याचं जनुक निकामी झालेलं आहे. म्हणून आपल्याला चालणारं औषध तिला चालत नाही. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

हाताला काय कळतं?

मालिशीने आजार बरा होत नाही, पण तो लवकर सापडू शकतो. मांजर दुखणं लपवतं. २००२ साली अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांची क्ष-किरण चित्रं तपासली, तेव्हा त्यांतल्या ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. रोज फिरणाऱ्या हाताला नवी गाठ, गोचीड, सूज, किंवा एखाद्या जागी अंग चोरणं चटकन कळतं. अशा जागी चोळू नये, पशुवैद्याला दाखवावं.

ज्यांच्या घरी सवयीचं मांजर आहे, त्या मुलांना आठवडाभर एक तक्ता भरायला सांगा. हात कुठे लावला, किती वेळ, शेपटी आणि कान काय करत होते, थांबल्यावर मांजराने काय केलं. घरी मांजर नसलेल्यांनी लांबून दोन मांजरांचं वागणं टिपावं. रस्त्यावरच्या मांजराला हात लावायचा नाही, हे आधी बजावा. आमच्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात पाचव्या दिवशी एवढंच होतं: "शेपटी आपटली. मी हात काढला. मनी तिथेच झोपली."