एक जादा नळी

मध्यंतरी दीड वर्ष आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना जमिनीवर पंगत मांडून जेवावे लागत होते. टेबल नव्हते असे नाही. परंतु त्या टेबलावर एक लढाऊ विमान बसले होते. विमान अर्थातच प्लॅस्टिकचे, आणि तेही पुरते नव्हे. उभ्या चिरलेल्या पडवळासारख्या त्याच्या दोन फाका शेजारी शेजारी पडलेल्या, आणि भोवती चिमटे, कानशी, तारांचे तुकडे नि औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे यांचा पसारा. मराठीच्या प्राध्यापकाने फावल्या वेळात पेपर तपासावेत, संमेलनाध्यक्षांच्या भाषणात चुका काढाव्यात, फार तर एखादे पाठ्यपुस्तक संपादित करावे, असा संकेत आहे. तो मोडल्याबद्दल सहकाऱ्यांची थट्टा आणि घरच्यांची बोलणी मी पुष्कळ खाल्ली. आज त्या विमानाची हकीगत सांगतो, ती थट्टेला उत्तर म्हणून नव्हे. त्या फाकांमध्ये मी एक लबाडी केली होती आणि ती पकडली गेली, म्हणून सांगतो.

विमान मिग-२१. आपल्या हवाई दलात ते १९६३ साली चंडीगढला प्रथम दाखल झाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटे सोडणारी विमाने याच जातीची. आणि आम्हां मराठी माणसांना त्याचे अप्रूप वाटण्याचे आणखी एक कारण म्हणजे ते नाशिकजवळ ओझरला तयार होत असे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना तेथे उभा राहिला. विमानाचे इंजिन ओरिसातल्या कोरापुटचे, विजेची यंत्रणा हैदराबादची, आणि अंगकाठी ओझरची, अशी ती वाटणी होती.

माझ्या टेबलावरचा नमुना १:३२ प्रमाणाचा. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा सव्वासात मीटरला थोडा कमी. माझ्याकडे तो बावीस सेंटीमीटर आणि वर चार मिलिमीटर एवढा. लांबी नाकावरच्या दांड्यासकट अर्ध्या मीटरच्या घरात. नमुने जोडणाऱ्यांच्या जगात हे थोरले प्रमाण मानतात. १:७२ या धाकट्या प्रमाणात हेच विमान तळहातावर मावते, आणि तेथे काय नाही ते डोळा आपल्या पदरचे घालून पुरे करतो. थोरल्या प्रमाणात मात्र डोळा उदार राहत नाही, हिशेब मागतो.

आणि हिशेबात संच कमी पडतो. त्यात कारखानदाराचा दोष नाही. प्लॅस्टिकचा भाग पोलादी साच्यातून निघतो. साचा सरळ उघडतो, सरळ मिटतो. त्यामुळे आडवळणाच्या, एकमेकींखालून जाणाऱ्या नळ्या त्यातून एका फटक्यात निघूच शकत नाहीत. शिवाय जाडीचा प्रश्न आहे. संचातल्या विमानाची भिंत एक मिलिमीटर जाड धरली, तर खऱ्या मापात ती बत्तीस मिलिमीटर होते. विमानाची कातडी कसली, ते किल्ल्याचे तट! खऱ्याची कातडी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. म्हणून चाकांवरच्या झडपांच्या कडा आधी कानशीने घासघासून पातळ कराव्या लागतात, आणि संचात जे नाही ते स्वतः घडवावे लागते. या उद्योगाला इंग्रजीत स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला नाव नाही; पण भातुकलीतल्या ज्या मुलींनी काड्यापेटीची कपाटे केली, त्यांना तो ठाऊक आहे.

साहित्याला बाजारात जावे लागत नाही. संचातले भाग ज्या प्लॅस्टिकच्या फांद्यांना लगडलेले असतात, त्या फांदीचा तुकडा मेणबत्तीवर धरावा, लुसलुशीत होताच दोन्ही हातांनी ओढावा. केसाएवढा बारीक दोरा निघतो, तो झाला विजेचा धागा. घरगुती वायर सोलली की आत तांब्याच्या ०.२ मिलिमीटरच्या तारा असतात; बत्तीसने गुणा, सहा-साडेसहा मिलिमीटरची नळी तयार! जाड नळ्यांना सोल्डरची तार बरी, ती म्हणाल तशी वाकते. गिटारची गुंडाळीची तार ही वळ्यावळ्यांची लवचीक नळी. इंजेक्शनची सुई हा नाकावरचा दांडा. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कातरून वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे होतात. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातले दातेरी चक्र पत्र्यावरून फिरवले की रिव्हेटांची रांग उमटते. "घरातली दुखणी बरी होण्याआधी गोळ्या संपतात," असे सौभाग्यवती म्हणू लागल्या, तेव्हा मी थोडा आवर घातला.

या नादात माणूस वस्तूकडे पाहायला शिकतो, हे मात्र खरे. मिगच्या वैमानिकापुढची फळी निळसर हिरव्या रंगाची असते, आणि तिच्या मधोमध खाली उतरणारी एक पांढरी उभी रेघ असते. माझ्या संचात ती नव्हती. छायाचित्रांत दिसली, तेव्हा मला वाटले, रंगाऱ्याची हौस. पुढे कळले ते असे, की विमान गरगरत खाली जाऊ लागले आणि वैमानिकाला दिशांचे भान उरले नाही, तर हातातला दांडा नेमका मध्यावर आणण्यासाठी ती खूण आहे. माझ्या मापात ती रेघ खसखशीच्या दाण्याहूनही अरुंद झाली. ती ओढताना मी श्वास धरला होता, आणि तो केवळ हात हलू नये म्हणून नव्हे.

आता मूळ मुद्दा. मिगचे पंख इतके पातळ, की त्यांत चाक मावत नाही. म्हणून चाकाचा पाय पंखात मिटतो, आणि चाक मात्र जवळजवळ काटकोनात वळून विमानाच्या पोटात उभे शिरते. पोटातली ही खोबण संचात साबणाच्या डबीसारखी गुळगुळीत होती. खऱ्या खोबणीत नळ्या, तारा, फासळ्या आणि रिव्हेटे यांची दाटी. मी छायाचित्रे जमवली. एका चौकात चबुतऱ्यावर बसवलेल्या मिगखाली जाऊन मान वाकडी करून पाहिले. तेथे पारव्यांनी बिऱ्हाड केले होते. एकेक नळी मी छायाचित्राशी ताडून बसवली. परंतु खोबणीचा मागचा एक कोपरा प्रत्येक छायाचित्रात सावलीत होता. माझ्या नमुन्यात तो उघडाबोडका दिसू लागला. पंधरा दिवस मी त्याच्याकडे पाहिले, आणि एका रात्री सोल्डरच्या तारेचा तुकडा छानसा वळवून तेथे चिकटवून दिला. रंग दिला. कोपरा भरला. फार सुरेख दिसला.

वाचकहो, वर्गात मी पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले, हे दरवर्षी तावातावाने सांगतो. प्रक्षेप करणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो, त्याला कोठेतरी जागा मोकळी वाटते एवढेच, असेही सांगतो. त्या रात्री यातले मला काहीही आठवले नाही.

गणपतीत मामा आले. ते १९७४ साली ओझरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. चाकांच्या जोडणीवर त्यांची बरीच वर्षे गेली. माझा नमुना ज्या 'एम' प्रकारचा, तो त्याच दशकात तेथे होत असे. इतक्या वर्षांत मामा कामाबद्दल घरात कधी बोलले नव्हते. त्याचे कारण आम्हांला ठाऊक होते. मिगचे अपघात पुष्कळ झाले, तरुण वैमानिक गेले. निमित्ते अनेक होती. शिक्षणासाठी 'हॉक' हे जेट हवाई दलाला २००८ साली मिळाले, तोवर बऱ्याच नवशिक्यांना वेगवान विमानाचे धडे मिगवरच गिरवावे लागत. वर्तमानपत्रांनी मात्र त्या विमानाला 'उडती शवपेटी' असे एक नाव देऊन टाकले. मामांच्या तोंडून तो शब्द कोणी कधी ऐकला नाही.

मोदक झाल्यावर मामा टेबलाशी आले. चष्मा कपाळावर सरकवला, माझी बॅटरी घेतली, आणि फाक हातात न घेता तिच्यावर वाकले. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पाइप कसला रे?"

"कुठला, मामा?"

"हा. मागच्या भिंतीवरून गेलाय तो."

"हायड्रॉलिकचा असेल," मी म्हणालो.

"असेल? लावलास तू ना? कुठून आला आणि कुठे गेला?"

मी गप्प. मामा आवाज न चढवता म्हणाले, "पाइप म्हटला की त्याला दोन टोकं असतात. एकीकडून काहीतरी येतं, दुसरीकडे जातं. हा भिंतीतून निघतो नि भिंतीत शिरतो."

"कोपरा रिकामा दिसत होता, मामा."

"रिकामा होता म्हणून रिकामा दिसत होता. हात घालायला जागा नको? आमचं मनगट तिथनंच तर आत जायचं." असे म्हणून त्यांनी डोळे मिटले, उजवा हात हवेत पुढे केला, मनगट आत वळवले आणि दोन बोटांनी कशावर तरी नट बसवून पाव आटा फिरवला. माझ्या पोटात कालवले. मी ज्याला पोकळी समजलो, ती माणसाची जागा होती; माझ्या मामांची.

"खऱ्या विमानात असला एखादा पाइप कोणी लावला असता तर?" मी उगाच विचारले.

"लावलाच नसता. तपासणीवाल्यानं शेडबाहेर जाऊ दिलं नसतं." मग थोडे थांबून ते म्हणाले, "पेपरात बातमी आली ना, की पहिल्यांदा विमानाचा नंबर बघायचो. आपल्या हातचं आहे का म्हणून. नसलं तरी त्या रात्री झोप नाही लागायची. मनातल्या मनात एकेक नट पुन्हा आवळत पडायचं."

मामी आतून म्हणाल्या, "अहो, आरतीला चला."

त्या रात्री मी पाते घेऊन ती नळी खरवडून काढली. दिसायला सुरेख होती. जीव हळहळला, हे कबूल करतो. मग मामांचा मुक्काम दोन दिवस वाढला. त्यांना नकाशा आठवत नव्हता, नावेही सगळी आठवत नव्हती. पण डोळे मिटले की हाताला आठवे. "ही जाड हवी. ही तिच्या खालनं. इथे पट्टी, नाहीतर थरथरून घासते." त्यांच्या हातावरून मी सहा नळ्या काढून पुन्हा बसवल्या. मी छायाचित्रांवरून जे केले होते ते चूक नव्हते. परंतु मामांनी एकेक नळीला येणे-जाणे दिले.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. ज्या गावी ते आले, त्याच गावाहून गेले. मध्ये बासष्ट वर्षे. दूरचित्रवाणीवर तो समारंभ पाहून मी मामांना फोन केला. वाटले, त्यांचा कंठ दाटला असेल. मामा म्हणाले, "फाका चिकटवल्यास का?"

"नाही अजून."

"मग आधी हत्यारं मोज. बंद केल्यावर आत काही खुळखुळलं तर काय करशील?"

विमानाच्या कारखान्यात पाळी संपताना प्रत्येक हत्यार मोजून परत ठेवतात. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. मी मोजली. ड्रिलची ०.४ मिलिमीटरची एक काडी कमी भरली. तासभर शोधले, तेव्हा वैमानिकाच्या खुर्चीमागे तिचा मोडका तुकडा सापडला. तो काढला, पुन्हा मोजले, आणि मगच दोन्ही फाका एक केल्या.

आता पाहुणे टेबलावर जेवतात आणि विमान काचेच्या कपाटात उभे आहे. त्यातले बहुतेक काम कोणाला दिसत नाही. क्वचित एखादा चौकस विद्यार्थी बॅटरी घेऊन खाली वाकतो, आणि हमखास म्हणतो, "सर, सगळं भरलंय, पण मागचा हा कोपरा राहिला वाटतं."

त्याला मी आधी मनगट आत वळवून पाहायला सांगतो.