कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्याचं काय करायचं?

आपल्याकडे जुन्या वस्तू सहसा टाकल्या जात नाहीत. तांब्याचा बंब असो की आजोबांची सायकल, माळ्यावर नाहीतर जिन्याखाली तिची जागा ठरलेली असते. अलीकडे या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे रोलचा एसएलआर कॅमेरा. वडिलांनी किंवा काकांनी कधीकाळी हौसेनं घेतलेला पेंटॅक्स, निकॉन, कॅनन, याशिका, नाहीतर रशियाचा झेनिट. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मी बरीच वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडलो आहे. त्यामुळे कॉलेजातली मुलं असा कॅमेरा घेऊन येतात आणि विचारतात, ‘काका, हा अजून चालेल का? वापरावा की विकावा?’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. या कॅमेऱ्याचे गुण खरे आहेत आणि दोषही तितकेच खरे आहेत.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. एसएलआरमध्ये ज्या भिंगातून फोटो निघतो त्याच भिंगातून आपण पाहत असतो. भिंगाच्या मागे ४५ अंशांत तिरका बसवलेला एक आरसा असतो. आत आलेला प्रकाश त्यावरून वर जातो, पंचकोनी लोलकातून फिरतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा सरकतो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. ‘खटॅक’ असा जो आवाज येतो, तो या आरशाचा आणि पडद्याचा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलवर असे ३६ फोटो निघतात. प्रत्येकाचा आकार २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान.

याचा पहिला गुण साधेपणा. पेंटॅक्सचा के-१००० हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता. जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावर हात बसवला. त्यातला सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरता. सेल संपला तरी शटर चालतंच. १९८२ मध्ये आलेला निकॉनचा एफएम-२ याच जातीचा. अशा कॅमेऱ्यात फोकस, भिंगाचं छिद्र आणि शटरचा वेग या तिन्ही गोष्टी आपणच ठरवायच्या. यंत्र आपल्यापासून काही लपवत नाही, त्यामुळे प्रकाश म्हणजे काय हे बोटांना कळू लागतं. जुन्या मंडळींचा एक सोपा हिशेब होता. लख्ख उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. १०० ची फिल्म असेल तर १/१२५ सेकंद. ढगाळ हवा असेल तर एफ-८, सावलीत एफ-४. एवढं पाठ असलं की मीटर बंद पडलं तरी अडत नाही.

हा हिशेब शिकायला साताऱ्याजवळच्या कास पठारासारखी शाळा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे घटकेत ऊन, घटकेत धुकं. धुकं पांढरं असतं, पण मीटरला ते करडं वाटतं. मीटरचं ऐकलं तर फोटो काळपट येतो. म्हणून धुक्यात एक घर जास्त प्रकाश द्यायचा. मोबाईलमध्ये ही दुरुस्ती बहुतेक वेळा आपोआप होते. इथे ती आपण करतो, म्हणून ती लक्षात राहते.

दुसरा गुण म्हणजे रंगीत निगेटिव्हचा सोशिकपणा. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट आठवा. भर दुपारी काळा दगड आणि शेजारी चकाकणारं कृष्णेचं पाणी. अशा ठिकाणी डिजिटल फोटोत पाण्यावरची चकाकी एकदा पांढरीफटक झाली की ती परत आणता येत नाही. निगेटिव्हवर थोडा जास्त प्रकाश पडला तरी त्यातला तपशील बऱ्याच अंशी टिकतो. स्लाइड फिल्मला मात्र हा सोशिकपणा नाही. तिथे अर्ध्या घराचा फरकही दिसतो.

तिसरा गुण ३६ या आकड्यात आहे. कासला एकेका फुलाचे पन्नास-पन्नास फोटो काढणारे आणि त्या नादात शेजारची फुलं तुडवणारे लोक दिसतात. रोल मोजका असला की माणूस आधी उभा राहून पाहतो, मग बटण दाबतो. ही सवय लागली की ती हातात मोबाईल असतानाही सुटत नाही.

आता दोष. कासचंच उदाहरण घेऊ. या कॅमेऱ्यांबरोबर बहुधा ५० मिलिमीटरची लेन्स मिळते आणि ती साधारण अर्ध्या मीटरच्या आत फोकस होत नाही. दवबिंदू ही इवलीशी कीटकभक्षी वनस्पती त्या चौकटीत टाचणीएवढी दिसते. जवळून टिपायला वेगळी कडी किंवा जोडभिंग लागतं. खिशातला मोबाईल अनेकदा हे काम सहज करतो.

मिरजेला चला. सतार आणि तंबोरे बनवणाऱ्या तिथल्या कारागिरांच्या कलेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यावर कोरीव काम करणारे हात टिपायचा मोह कुणालाही होईल, पण त्या खोल्यांत उजेड बेताचा. ४०० ची फिल्म घालून छिद्र पूर्ण उघडलं तरी शटर १/१५ सेकंदापर्यंत खाली येतं. तेवढ्या वेळात आपला हात हलतो आणि कारागिराचाही. डिजिटलमध्ये आयएसओ वाढवला की प्रश्न मिटतो. इथे एकदा घातलेला रोल संपेपर्यंत तोच.

तिसरा दोष आपल्या पावसाळ्याचा. महाबळेश्वर, पाचगणी, पाटण या पट्ट्यात चार महिने दमट हवा. चामड्याच्या कव्हरात ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते आणि काचेवरचा थर खाऊन टाकते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, कव्हर बाहेर. आरशाजवळचा आणि मागच्या झाकणाचा स्पंजही वर्षांनी चिकट होतो, मग आत उजेड शिरतो. शिवाय १९६० आणि ७० च्या दशकातले काही कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल आता बनत नाहीत. आजचा दीड व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगू शकतं. कॅननच्या एई-१ सारख्या कॅमेऱ्यात तर सेल संपला की शटरच उघडत नाही. दुरुस्ती करणारे जुने कारागीरही आता शोधावे लागतात.

सर्वांत मोठा दोष खर्चाचा आणि थांबण्याचा. एकेकाळी तालुक्याच्या गावीही कलर लॅब होती. २००६ मध्ये निकॉननं आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले. २००९ मध्ये कोडॅकनं कोडाक्रोम थांबवली. आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही इतिहासजमा झाला. आज बाहेरून आलेला रोल, तो पुण्या-मुंबईच्या लॅबला पाठवण्याचं कुरिअर, धुलाई आणि स्कॅनिंग धरून खर्च हजार-दीड हजार रुपयांच्या घरात जातो. म्हणजे एका फोटोला तीस-चाळीस रुपये. कृष्णधवल रोल घरी धुता येतो, पण रसायनाचं तापमान २० अंशांच्या आसपास हवं. सांगलीत एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. भांड्याभोवती बर्फ ठेवल्याशिवाय काम होत नाही.

मग हे सगळं करून हाती काय राहतं? निगेटिव्ह. सांगलीकरांना तिची किंमत वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. अशा पुरात अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटतात, संगणक चिखलात जातात. निगेटिव्ह भिजली, पण ओली असतानाच हाती आली, तर तिचा निभाव लागू शकतो. ती गठ्ठ्यात वाळू द्यायची नाही. स्वच्छ गार पाण्यात हलकेच धुवायची, थराला बोट लावायचं नाही आणि चिमटा लावून सावलीत टांगायची. त्यावरून पुन्हा फोटो करता येतात. मात्र निगेटिव्ह एकच असते. ती वाहून गेली की संपलं. उलट मोबाईलमधला फोटो पुण्याच्या भाचीकडे आणि दुबईच्या मुलाकडेही असतो, त्याला पुराचं पाणी लागत नाही. म्हणून घरातल्या जुन्या निगेटिव्ह येत्या पावसाळ्यापूर्वी स्कॅन करून घ्या, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, आणि स्कॅन झाल्या म्हणून मूळ निगेटिव्ह मात्र टाकू नका.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर विकायची घाई नको. मागचं झाकण उघडा, लेन्सचं छिद्र पूर्ण मोकळं करा आणि बॅटरीचा झोत आरपार टाकून बुरशी आहे का पाहा. एक सेकंदापासून १/१००० पर्यंत प्रत्येक वेगावर शटर चालवा. वेग वाढेल तसा आवाज आखूड होत गेला पाहिजे. स्पंज चिकट असेल तर बदलून घ्या. लग्न, बारसं, निरोप समारंभ असे एकदाच घडणारे प्रसंग या कॅमेऱ्यावर सोपवू नका. पण घरात शिकू पाहणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांच्या हाती तो जरूर द्या. सोबत एक कृष्णधवल रोल आणि शंभर पानी वही द्या. प्रत्येक फोटोचं छिद्र, वेग आणि उजेड कसा होता ते त्या वहीत लिहायला सांगा. रोल धुऊन आला की वही शेजारी ठेवून एकेक फोटो पाहावा. ३६ फोटोंत ते जे शिकतील, ते हजार फोटो काढूनही सहसा हाती लागत नाही.