दूध ‘येत नाही’, की येऊ दिलं जात नाही?

“तिला दूधच येत नाही हो!” बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी खाटेशेजारी हे वाक्य उच्चारलं जातं आणि पावडरचा डबा उघडतो. बोल आईला लागतो. पण पहिल्या काही तासांत दवाखाना काय करतो, यावर बाळाचं पुढचं दूधपाणी बरंचसं ठरतं.

गैरसमज : दवाखान्यात बाळंतपण झालं की स्तनपान आपोआप नीट सुरू होतं.
वस्तुस्थिती : २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं मात्र ४१.८ टक्केच.

गैरसमज : चीक पुरत नाही, म्हणून वरचं दूध द्यावंच लागतं.
वस्तुस्थिती : सुरुवातीला चीक थोडाच येतो आणि निरोगी बाळाला तेवढाच लागतो. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. बाटलीनं पोट भरलं की ते ओढत नाही आणि दूध खरोखरच आटतं. काही बाळांना वैद्यकीय कारणानं जास्तीचं दूध लागतं. तेव्हाही आधी आईचं काढलेलं, मग दान केलेलं दूध द्यावं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९पासून मातृदुग्धपेढी आहे.

गैरसमज : सिझर झालं की दोन दिवस पाजता येत नाही.
वस्तुस्थिती : कमरेत इंजेक्शन देऊन सिझर केलं, तर आई शुद्धीवर असते. दोघांची प्रकृती ठीक असेल तर बाळाला लगेच छातीशी देता येतं. गरज असते ती बाळाला नीट धरून देणाऱ्या नर्सची.

गैरसमज : कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणानं असा काय फरक पडणार?
वस्तुस्थिती : बेलारूसमध्ये ३१ रुग्णालयांत मिळून १७ हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला. जिथे कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करायला शिकवलं, तिथे तिसऱ्या महिन्यात ४३.३ टक्के बाळं केवळ आईच्या दुधावर होती. इतर ठिकाणी ६.४ टक्के.

गैरसमज : दवाखान्यात पावडरच्या दुधाची भिंतीवर जाहिरात आहे, फुकट डबाही मिळाला, म्हणजे ते चांगलंच असणार.
वस्तुस्थिती : १९९२चा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती अशा जाहिरातीला, फुकट नमुन्यांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देण्याला मनाई करते.

म्हणून नाव नोंदवतानाच विचारा : बाळ तासाभरात आईजवळ देता का? रात्री तिच्याच खाटेशी ठेवता का? पाजायला कोण शिकवतं? बाळंतिणीला दोष देण्याआधी या प्रश्नांची उत्तरं दवाखान्याकडून घ्यायला हवीत.