माजी सैनिकाचे स्थळ

माजी सैनिक म्हटले की पांढऱ्या मिशांचा, पेन्शनीच्या रांगेत उभा असलेला गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. लग्नाच्या बोलण्यात भेटणारा माजी सैनिक मात्र बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. फौज तरुण राहावी म्हणून जवानाला लवकर घरी पाठवतात. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई 15 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो आणि चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे ‘पेन्शनवर येतो’. नायक, हवालदार, सुभेदार असा तो वर चढला तर नोकरीची वर्षे वाढत जातात. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी 20 वर्षे लागतात. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर गेलेला अधिकारी मात्र 10 किंवा 14 वर्षांनी, सहसा निवृत्तिवेतनाविना, पस्तिशीच्या आसपास सिव्हिलमध्ये येतो. फौजेत ‘सिव्हिल’ हे बाहेरच्या साऱ्या जगाचे नाव आहे.

अविवाहित, घटस्फोटित किंवा विधुर माजी सैनिकांची स्थळे आजवर तुरळकच येत. हे चित्र आता बदलू लागेल. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत साडेसतरा ते एकवीस वर्षांची मुले चार वर्षांसाठी घेतली जातात. त्या चार वर्षांत त्यांना लग्न करता येत नाही, आणि मुदत संपल्यावर जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होतात. म्हणजे 2026 च्या अखेरीपासून बाविशी-पंचविशीतले, अविवाहित, गणवेश उतरवलेले तरुण एकगठ्ठा परत येऊ लागतील. त्यांच्या हातात सेवानिधीची एकरकमी रक्कम असेल, निवृत्तिवेतन नसेल. वधूपक्षाने हा फरक पहिल्याच बैठकीत समजून घेतलेला बरा.

पुण्यात तरी हा विषय परका वाटू नये. कसबा पेठेतून मुठा ओलांडून खडकीकडे गेले की बॉम्बे सॅपर्सचे केंद्र लागते. लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय, खडकवासल्याची प्रबोधिनी, सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि राज्याचा सैनिक कल्याण विभाग हे सारे याच शहरात आहे. तरीही तांबट आळी, कुंभारवाडा, फणी आळी अशा व्यवसायांवरून नावे पडलेल्या पेठेतल्या माणसाला ‘कॅम्प’ हे वेगळेच गाव वाटत आले आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात मुलीच्या बापाला पलटण, पोस्टिंग, सुट्टी हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. पेठेत ते द्यावे लागतात.

स्थळ बघताना चौकशी होते ती पेन्शन, कॅन्टीन आणि दवाखान्याची. ती गैर नाही. 2003 पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे, आणि राज्याच्या नोकरभरतीत त्यांच्यासाठी समांतर आरक्षणही आहे. पण या उत्तरांतून माणूस कळत नाही. त्यासाठी दुसरे प्रश्न लागतात: कोणत्या दलात, कोणत्या शाखेत, कुठे आणि किती वर्षे?

शाखेवरून बरेच उलगडते. पायदळातला जवान आणि सिग्नल्समधला तंत्रज्ञ हे दोघे ‘मिलिटरीवाले’ खरे, पण त्यांची वर्षे फार वेगळ्या तऱ्हेने गेलेली असतात. 1768 पासूनची परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, आणि तिच्या जवानाला फौजेत प्रेमाने ‘गणपत’ म्हणतात. मानाच्या पहिल्या गणपतीच्या पेठेत हे नाव कुणाला खटकू नये. सॅपर्समधला माणूस पूल बांधतो, सुरुंग काढतो, रस्ते करतो. वैद्यकीय कोअरमधला वॉर्डात किंवा प्रयोगशाळेत राबलेला असतो. यांतल्या बहुतेकांनी प्रत्यक्ष लढाई पाहिलेली नसते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

ठिकाणाचा प्रश्न पीस आणि फील्ड या दोन शब्दांवर येऊन थांबतो. पीस स्टेशनवर क्वार्टर मिळाले तर कुटुंब सोबत राहते. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. साधारण आलटून-पालटून या नेमणुका होतात. वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा कागदावर असते. ती कधी मिळेल हे मात्र पलटणीच्या गरजेवर ठरते. आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, गौरी-गणपती यांपैकी काय चुकले याची यादी प्रत्येक जवानाकडे असते, आणि युद्धाच्या कथांपेक्षा ती यादीच त्याच्याविषयी जास्त सांगते.

घरात मेडल असतील तर तीही वाचता येतात. सियाचीन ग्लेशियर मेडल, हाय अल्टिट्यूड मेडल, नऊ किंवा वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचे मेडल, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे मेडल, प्रत्येकाची फीत निराळी. मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. शौर्यपदके फार थोड्यांना मिळतात. बाकीची मेडल माणूस कुठे आणि किती काळ होता याची नोंद असतात. ‘कितीजणांना मारलंत?’ हा प्रश्न मात्र पाहुण्यांनी करू नये. बहुतेकांकडे त्याला उत्तर नसते, आणि ज्यांच्याकडे असते त्यांना ते चहा-पोह्यांच्या बैठकीत द्यायचे नसते.

खरी ओढाताण सुरू होते ती घरी परतल्यावर. बराकीतली दीड-दोन दशके अंगात मुरलेली असतात. पहाटे जाग येते, बूट रांगेत लागतात, उशिरा येणाऱ्याचा राग येतो, बोलण्यात निम्मी हिंदी असते. पलटणीत कोणी काय करायचे हे हुद्द्यावरून ठरलेले होते. वाड्यातल्या दोन खोल्यांत ते कुणीच ठरवलेले नसते. त्याच्याशिवाय चाललेले घर त्याच्यावाचून चालायला शिकलेले असते, म्हणून निर्णयात त्याला जागा करून द्यायला वेळ लागतो. सुभेदारसाहेब म्हणून सलाम घेणारा माणूस बँकेच्या दारात रखवालदार म्हणून उभा राहतो, तेव्हा काय हरवले हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. लग्न करणारीने पहिली एक-दोन वर्षे या बदलासाठी हिशेबात धरावीत.

प्रत्येक माजी सैनिक आतून जखमी असतो ही समजूत चित्रपटांनी पसरवली. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणत त्या आघाताला 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत पीटीएसडी हे नाव मिळाले. तो काहींना होतो, सगळ्यांना होत नाही. झोप उडणे, दचकणे, एकटे राहणे, दारू वाढणे हे टिकून राहिले तर उपचार हवेत. गणेशोत्सवातले ढोल-ताशे किंवा दिवाळीतले सुतळी बॉम्ब अशा माणसाला अरुंद गल्लीत जास्त जाचू शकतात. त्या दिवसांत बाहेरगावी जाणे हा साधा उपाय आहे. डिसेंबर 2023 मध्ये टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा सैन्यदलांसाठीचा कक्ष पुण्याच्याच वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. सर्वांसाठीच्या वाहिनीचा क्रमांक 14416 आहे. शरीराच्या जखमांसाठी पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, एवढे सांगितले तरी अपंगत्वाचा दाखला पाहून स्थळ नाकारणाऱ्यांना थोडे थांबावे लागेल.

आता कागदांविषयी, कारण फसवणूक होते. गणवेशातले फोटो दाखवून विवाहाच्या संकेतस्थळांवरून मुलींना लुबाडणारे तोतये पुणे पोलिसांनी पकडले आहेत. या शहराला ते नवीन नाही. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधी मानले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि चौकशी होऊन 1776 मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. आज पडताळणी सोपी आहे. खऱ्या माजी सैनिकाकडे डिस्चार्ज बुक असते. त्यात भरतीची आणि सुटण्याची तारीख, हुद्दा, सुटण्याचे कारण आणि वर्तणुकीचा शेरा असतो. अधिकाऱ्याकडे सेवामुक्तीचा आदेश असतो. निवृत्तिवेतनधारकाकडे पेन्शन पेमेंट ऑर्डर असते, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्रही बहुतेकांकडे असते. कागद मागितल्याने खरा फौजी दुखावत नाही. उभी नोकरी त्याने फाटकावर ओळखपत्र दाखवण्यात काढलेली असते.

लग्न झाल्यावर एक काम लगेच करावे. निवृत्तीनंतर विवाह झाला असला तरी पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनास पात्र ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या भगवंती खटल्यात तसा निर्णय दिला. मात्र तिचे नाव अभिलेख कार्यालयात आणि पेन्शनच्या आदेशात नोंदवलेले हवे. पहिली पत्नी असल्यास तिच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा त्या अर्जासोबत लागतो. ही नोंद राहून गेली तर नवऱ्याच्या मागे त्या बाईला लग्न सिद्ध करत बसावे लागते.